अंगणातील कृत्रिम हिरवळ आणि तिच्याखालची माती

जबलपूरचे नाव कृषी विस्तार कार्यकर्त्यांना प्रामुख्याने दोन संस्थांमुळे परिचित आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथे आहे आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झालेले तण संशोधन संचालनालयही याच शहरात आहे. नको असलेले गवत कसे आवरावे, याचा अभ्यास येथे अनेक वर्षे चालू आहे. अशा शहरांच्या उपनगरांतही आता अंगणातील खरे गवत काढून प्लास्टिकचे गवत अंथरण्याची हौस पोहोचू लागली आहे. गोल्फची आवड असलेली मंडळी त्याही पुढे जाऊन परसात ‘पटिंग ग्रीन’ करून घेतात. चेंडू हलक्या फटक्याने खळग्यात घालवण्याची ही गुळगुळीत हिरवळ होय. शेतघरे आणि कृषी पर्यटन केंद्रे उभारणारे प्रगतिशील शेतकरीही याविषयी सल्ला विचारू लागले, तर त्यांना काय सांगावे, याचा विचार आधीच झालेला बरा.

गोल्फची खरी हिरवळ उष्ण प्रदेशांत बहुधा हरळीचीच असते, ही बाब शेतकऱ्याला गंमतीची वाटेल. अमेरिकेतील टिफ्टन येथील पैदासकार ग्लेन बर्टन यांनी आपली हरळी आणि तिची आफ्रिकी भगिनी यांच्या संकरातून ‘टिफग्रीन’ हा वाण १९५६ मध्ये दिला. याच बर्टन यांच्या ‘टिफ्ट २३ ए’ या नरवंध्य वाणावर भारतातील पहिली संकरित बाजरी ‘एचबी-१’ १९६५ मध्ये उभी राहिली. शेतात जी हरळी खणून खणून माणूस थकतो, तीच अन्यत्र जोपासनेचा विषय ठरते. तण ही संज्ञा वनस्पतीच्या जातीपेक्षा तिच्या जागेवर अधिक अवलंबून असते.

कृत्रिम हिरवळीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद पोकळ नाही. खेळासाठीची नैसर्गिक हिरवळ तीन-चार मिलिमीटर उंचीवर जवळजवळ रोज कापावी लागते. तिला पाणी, खत आणि बुरशीनाशकांच्या फवारण्या लागतात. प्लास्टिकला यातले काही लागत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून हॉकीने कृत्रिम मैदान स्वीकारले, तेही सपाट व वेगवान पृष्ठभागासाठी. परंतु घरच्या परसात यापूर्वी खर्चिक गोल्फ हिरवळ नव्हतीच. तेथे माती होती, तुळस होती, चार वांग्याची झाडे होती. तुलना करायची ती त्या परसाशी.

ही हिरवळ बसवताना दहा-पंधरा सेंटिमीटर माती खोदून काढतात. तळाशी तण रोखणारे कापड घालतात. त्यावर खडी व दगडाची कच पसरून ती यंत्राने घट्ट दाबतात. वर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या आखूड, दाट तंतूंचा गालिचा येतो आणि तंतूंमध्ये बारीक वाळू भरली जाते. चेंडू सरळ घरंगळावा यासाठी ही सारी दाबणी आवश्यक असते. पण ज्या थरात गांडुळे व कीटकांची सर्वाधिक वर्दळ असते, नेमका तोच थर यात उचलला जातो.

जगातील मधमाश्यांच्या सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बिळे करून राहतात. पोळे बांधणाऱ्या मधमाश्यांइतक्या त्या नजरेत भरत नाहीत. निळ्या पट्ट्यांची अमेगिला ही त्यांपैकीच एक. ती फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवते आणि वांगी-टोमॅटोच्या परागकोशातून पराग झाडून घेते. तिला घर करण्यासाठी लागते ती उघडी, न दाबलेली माती.

दुसरे उदाहरण जबलपूरच्या कामाशी थेट निगडित आहे. गाजर गवतावर तुटून पडणारे मेक्सिकन भुंगेरे, म्हणजे झायगोग्रामा, विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी सोडले आहेत. या भुंगेऱ्यांच्या अळ्या पाने खाऊन झाल्यावर कोषावस्थेसाठी जमिनीत उतरतात. प्रौढ भुंगेरेही प्रतिकूल काळात जमिनीत शिरून सुप्त राहतात आणि पावसाबरोबर वर येतात. ज्या जमिनीवर कापड, खडी आणि प्लास्टिक आहे, तेथे त्यांना जाण्याचीही वाट नाही आणि येण्याचीही.

उष्णतेचा विचारही हवा. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात प्लास्टिकच्या गवताचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू शकतो, कारण जिवंत गवताप्रमाणे बाष्पोत्सर्जनाने थंड होण्याची सोय त्याला नाही. शिवाय तंतू झिजतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कृत्रिम मैदानांत भरल्या जाणाऱ्या प्लास्टिक-रबराच्या कणांच्या विक्रीवर निर्बंध आणले आणि त्यासाठी २०३१ पर्यंतची मुदत दिली. परसातील हिरवळीत वाळू असते, तरी तंतूंची झीज टळत नाही. एका हंगामाचा आच्छादन कागद शेतातून गोळा करताना किती तुकडे मागे राहतात, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. हा गालिचा तर अनेक वर्षे ऊन खातो. लव्हाळ्याचे अंकुर प्लास्टिक भेदून वर येतात, हेही त्याने पाहिलेले असते. त्यामुळे तणापासून कायमची सुटका ही अपेक्षाही फोल आहे.

म्हणून सल्ला साधा असावा. सरावाची हौस असेल, तर तीन मीटर लांबीची गुंडाळता येणारी चटई ओसरीत पुरते. खेळ झाला की ती उचलून ठेवावी. कायमची हिरवळ हवीच असेल, तर ती आधीच फरशी असलेल्या जागेवर वा गच्चीवर घालावी आणि जुना गालिचा परत कोण नेणार, हे खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. झाडांच्या पसाऱ्याखालची आणि पावसाचे पाणी साठणारी माती कधीही झाकू नये.

दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टदरम्यान गाजर गवत जागृती सप्ताह होतो. त्या आठवड्यात भुंगेऱ्यांची डबी शेतकऱ्याच्या हाती देताना, त्यांना उतरण्यासाठी बांधावर आणि घरापाशी उघडी माती राखा, एवढे एक वाक्य कार्यकर्त्यांनी जोडावे.