डोंग्यात बसण्याआधी काठ बघू या

बासी ईदला यवतमाळात आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. बिर्याणीचं पातेलं, तीन-चार मोटारसायकली आणि निळोणा धरण. गेल्या खेपेला तिथे मासे धरणाऱ्या एका काकांनी मला नि माझ्या धाकट्या भावाला डोंग्यात बसवलं. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, मला पोहता येत नाही. ती चूकच होती, तुम्ही करू नका.

पण खरं सांगतो, काठापासून थोडं आत गेल्यावर मन हलकं झालं. वल्ह्याचा आवाज सोडला तर सगळं शांत. नोकरीचे अर्ज, घरचा खर्च, मोबाइल, सगळं विसरलो. मग काकांनी जाळं ओढलं. दोन लहान मासे आणि थर्माकोलची एक प्लेट. काका म्हणाले, "वरून पाणी चांगलं दिसते पोट्टेहो. जाळं टाका, मंग समजते."

आम्ही दोघं गप्प बसलो. तसल्याच प्लेटा आमच्या पातेल्याशेजारी पडल्या होत्या. त्यांच्यावर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, हे आम्हाला माहीत होतं.

2018 हेच साल यवतमाळकर आणखी एका कारणासाठी विसरत नाहीत. त्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहने तळ गाठला होता. अम्मी रात्री उठून टँकरची वाट बघायची. ज्या पाण्यासाठी आपण रांगेत भांडलो, त्याच पाण्याच्या काठावर आपण खरकटं टाकून येतो.

"आपल्याकडेही बोटिंग सुरू व्हायला पाहिजे," असं मित्र म्हणतात. काही मोठी माणसं याला चैन म्हणून झटकतात. मला ते पटत नाही. खिशात फार पैसे नसलेल्या पोरापोरींना संध्याकाळ घालवायला जागा हवी, ही मागणी रास्त आहे. पाण्यावर गेल्याशिवाय पाण्याचा लळाही लागत नाही.

पण नाव आली की तलाव आपोआप सुधारतो, हा भ्रम आहे. नागपूरच्या अंबाझरीवर लोकांनी हौसेनं बोटिंग केलं. पुढे त्याच तलावावर जलपर्णी पसरली. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. तिचा थर दाट झाला की खाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. छत्रपती संभाजीनगरचा जुना खिजरी तलाव आज पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या नावानं ओळखला जातो. नाव इतकं मोठं, तरी तोही सांडपाण्याशी झुंजतो आहे. नुसत्या नावानं किंवा नावेनं पाणी स्वच्छ होत नाही.

म्हणून क्रम बदलू या. आधी घाण येते कुठून ते शोधायचं, मग नाला अडवायची किंवा सांडपाणी शुद्ध करायची मागणी, आणि नंतर बोट. पिण्याच्या पाण्यावर इंजिनाची बोट नकोच, तेल सांडतं. वल्ह्याची चालेल, तीही लाइफ जॅकेटसह. ती चालवायचा पहिला हक्क तिथे मासे धरणाऱ्यांचा असावा, कारण पाणी बिघडलं की पहिला फटका त्यांच्या पोटाला बसतो.

आणि आपलं काय? वाहत्या नदीवरसुद्धा वुजूला पाणी जपून वापरा, साचलेल्या पाण्यात घाण करू नका, ही शिकवण आपण मदरशात लहानपणीच ऐकलेली असते. धरणाचं पाणी साचलेलंच असतं.

येत्या बासी ईदला आम्ही स्टीलच्या प्लेटा नेणार आहोत आणि दोन रिकामी पोती. एक आपल्या कचऱ्यासाठी, दुसरं आधीच्यांच्या. तुमच्या गावाजवळही एखादं धरण किंवा तलाव असेलच. तुम्ही किती पोती नेणार?