एकट्याच्या कामालाही नोंदवही हवी



परवा विहारात वंदनेनंतर एक तरुण भेटला. आईने चार घरची धुणीभांडी करून त्याला शिकविले. आता तो घरीच दुकानदारांसाठी बिलाचे सॉफ्टवेअर लिहितो. एका रात्रीच्या दुरुस्तीने कराचा हिशेब चुकू लागला. आधीचा बरोबर चालणारा प्रोग्राम कोणता, तेच सापडेना. संगणकात ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘नवे फायनल’ असे अकरा फोल्डर! गिऱ्हाइकाने पैसे अडविले.

यावर व्हर्जन कंट्रोल हा इलाज आहे. ही प्रोग्रामची नोंदवहीच. कोणती ओळ कधी व का बदलली ते त्यात राहते; चुकले तर मागच्या पानावर परतता येते. “सर, हे कंपन्यांचे काम. मी तर एकटा!” तो म्हणाला. आमचे म्हणणे, एकट्यालाच ती जास्त हवी. त्याची चूक दाखवायला शेजारी कोणी नसते.

वही कोणती घ्यावी? सबव्हर्जनमध्ये इतिहास एका मध्यवर्ती ठिकाणी राहतो. गिट आणि मर्क्युरियल ही २००५ सालची. यांत सारा इतिहास आपल्याच संगणकावर असतो, इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. मर्क्युरियल शिकायला सोपे, पण बिटबकेटने २०२० मध्ये त्याला जागा देणे थांबविले. फॉसिल सुटसुटीत आहे. त्यातच चुकांची यादीही ठेवता येते. चारही मोफत. आम्ही गिट सुचविले, कारण शिकविणारे सहज भेटतात आणि उद्या नोकरी धरली तरी ते उपयोगी पडते. आज्ञा किचकट वाटतात, पण रोज पाच-सहाच लागतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. संगणक बिघडला तर वहीही जाते, म्हणून दुसरी प्रत बाहेर ठेवावी. गिटहबवर २०१९ पासून खासगी कामही मोफत ठेवता येते. आणि वहीत पासवर्ड लिहू नये. नंतर खोडला तरी तो मागच्या पानावर राहतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितले, की मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ती चर्चा नोंदली गेली, म्हणूनच कोणते कलम का बदलले ते आज आपण वाचू शकतो. आपल्या मुलांनीही नुसते ‘बदल केला’ असे लिहू नये. का केला, तेही लिहावे.

त्या तरुणाने त्याच रात्री पहिली नोंद केली. अकरा फोल्डरांतून बरोबर प्रोग्राम शोधायला मात्र त्याला चार दिवस लागले.