घाट वर्षातून दोनदा, शाळा रोज

आमच्या घरात सध्या क्रेटावरून वाद चालू आहे. थोरल्या मुलाला डिझेल हवे. त्याचा मुद्दा खोटा नाही. 1.5 लिटरच्या साध्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची ताकद जवळपास सारखी, 115 आणि 116 पीएस. पण टॉर्क 144 विरुद्ध 250 एनएम. भरलेली गाडी आंबा घाट चढताना हा फरक जाणवणारच.

मात्र गावी आपण जातो दोन ईदला. एरवी गाडी शाळा, बाजार, दवाखाना एवढीच फिरणार. बीएस-6 डिझेलच्या धुराच्या गाळणीतली काजळी जळायला सलग, वेगातली धाव लागते. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबू शकते. शिवाय डिझेल गाडी महाग. वापरात न येणाऱ्या ताकदीसाठी पैसे मोजणे हा इसराफच, उधळपट्टी. माझे मत पेट्रोलला. घाट खालच्या गिअरमध्येही चढता येतो.