संगणक बदलला, पण किल्ली कुठे आहे?

वाचकहो, एरवी आपण इथे रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल यांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा वाटेल: दवाखान्यातला संगणक बदलताना ई-मेलच्या गुप्त किल्लीचे काय करायचे? माझ्या मते हा संगणकवाल्याचा नव्हे, आरोग्याचाच विषय आहे. तुम्ही डॉक्टर नसाल, पण घरातल्या रुग्णाचे अहवाल सांभाळत असाल, तरी तो तुमच्या कामाचा आहे.

आधी माझी चूक सांगतो.

दोन दिवाळ्यांपूर्वी दवाखान्यासाठी नवा लॅपटॉप घेतला. जुना नागपूरचे सात उन्हाळे काढून थकला होता. डाटा हलवायला आलेल्या मुलाने तासाभरात काम उरकले. "सर, पूर्ण डाटा घेतला मी. टेन्शनच नका घेऊ," तो म्हणाला. नव्या लॅपटॉपवर मेलची यादी दिसत होती. मग मीच त्याला सांगितले, "जुना फॉरमॅट करून टाक." आठवडाभरात तो लॅपटॉप दुसऱ्याकडे गेलाही.

तीन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. माझा सिकलसेलचा एक जुना रुग्ण तिथल्या रुग्णालयात दाखल होता. हिमोग्लोबिन बरेच खाली आले होते, रक्त द्यावे लागणार होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "सर, याच्या रक्तात पूर्वी कधी अँटीबॉडी सापडल्या होत्या का?" सापडल्या होत्या, एवढे मला आठवत होते. कोणत्या, ते आठवेना. अहवाल मेलमध्ये होता. मेल उघडला, तर मजकुराऐवजी सूचना आली: हा संदेश उघडण्यासाठी लागणारी गुप्त किल्ली या संगणकावर नाही.

जुना अहवाल एवढा का हवा होता?

रक्त देताना आपण ए, बी, ओ आणि आरएच गट जुळवतो. पण रक्तपेशींवर केल, डफी, किड असे इतरही गट असतात. वारंवार रक्त घेणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णाचे शरीर या परक्या गटांविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकते. खरी मेख पुढे आहे. काही महिन्यांनी, वर्षांनी या अँटीबॉडींचे प्रमाण इतके घटते की आजच्या तपासणीत त्या दिसतही नाहीत. शरीर मात्र त्यांना विसरलेले नसते. तोच गट असलेले रक्त पुन्हा दिले, तर अँटीबॉडी झपाट्याने वाढतात आणि काही दिवसांनी दिलेल्या पेशी फुटू लागतात. सिकलसेलमध्ये ही गुंतागुंत जिवावर बेतू शकते. म्हणजे आजची तपासणी निर्दोष असली तरी पाच वर्षांपूर्वीचा अहवालच खरे सांगतो. आणि माझ्याकडे तो होता, पण कुलपात.

कुलूप कशासाठी?

विदर्भात सिकलसेलचा अहवाल हा फक्त रक्ताचा अहवाल नसतो. तो सोयरिकीच्या बैठकीत पोहोचला, तर मुलीचे लग्न मोडू शकते. लग्नाआधी तपासणी जरूर व्हावी, पण तिचा निकाल कोणाला सांगायचा हे त्या व्यक्तीने ठरवावे. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 च्या कायद्यानेच माहिती सुरक्षित ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणून मी आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम असे अहवाल एकमेकांना कूटबद्ध मेलनेच पाठवतो.

यामागची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी नावाचा प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. त्यातून पुढे ओपनपीजीपी हे प्रमाण आले. थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममध्ये 2020 पासून ही सोय आतच आहे. यात तुमच्या दोन किल्ल्या असतात. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्या, तिने फक्त कुलूप लागते. ते उघडते गुप्त किल्लीने, आणि ती फक्त तुमच्या संगणकात असते. मेल कंपनीच्या सर्व्हरवर असतात त्या नुसत्या बंद पेट्या. म्हणून नव्या लॅपटॉपवर माझे मेल आले, पण उघडले नाहीत. इथे "पासवर्ड विसरलात?" असे बटण नसते आणि कंपनीला फोन करूनही उपयोग नसतो.

त्या मुलाचा यात दोष नाही. त्याला डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये जे दिसले ते त्याने घेतले. किल्ली प्रोग्रॅमच्या लपलेल्या फोल्डरमध्ये होती. ती कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नव्हते!

मॅडमनी वाचवले. पाठवलेल्या मेलची त्यांच्याकडची प्रत त्यांच्याही किल्लीने कुलूपबंद झालेली होती. त्यांनी ती उघडून पुण्याला फोन केला. मध्ये दोन तास गेले. त्या दोन तासांत काही बिघडले नाही, याचे श्रेय माझे नाही.

माझे म्हणणे

किल्ली हा रुग्णाच्या नोंदीचाच भाग आहे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी 3 वर्षे ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत द्याव्या लागतात. किल्ली नसेल, तर आपण काय देणार? 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर माहितीभंगाच्या व्याख्येत माहिती फुटण्यासोबत ती नष्ट होणे आणि ती आपल्याला न मिळणे हेही धरले आहे. बरेच डॉक्टर फक्त फुटण्याला भितात. हरवणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

म्हणून किल्ली हलवण्याचे काम डॉक्टरने स्वतः करावे. थंडरबर्डमध्ये ते असे होते:

1. जुन्या संगणकावर "टूल्स"मधून ओपनपीजीपी की मॅनेजर उघडा. आपली किल्ली निवडून "फाइल" मेनूतून गुप्त किल्लीचा बॅकअप घ्या. तेव्हा विचारला जाणारा पासवर्ड लांब ठेवा. मुदत संपलेल्या जुन्या किल्ल्याही घ्या, जुने मेल त्यांनीच उघडतात.
2. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या. स्वतःलाच मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप करू नका.
3. नव्या संगणकावर त्याच मेनूतून गुप्त किल्ली आयात करा. मग अकाउंट सेटिंग्जमधल्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये ती निवडा. थंडरबर्डला प्रायमरी पासवर्ड लावा, नाहीतर लॅपटॉप हाती येईल त्याला मेल वाचता येतील. सहकाऱ्यांच्या सार्वजनिक किल्ल्याही आणा.
4. सर्वांत जुना कूटबद्ध मेल उघडून पाहा, मग सर्वांत नवा. एक मेल पाठवून उत्तर मागवा आणि ते वाचता येते का पाहा.
5. पंधरा दिवस जुना संगणक तसाच कपाटात ठेवा. सगळे नीट चालले, तरच तो पूर्ण पुसा. साध्या, झटपट फॉरमॅटने माहिती खरोखर जात नाही, ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा.

पेनड्राइव्हचे काय? प्रती जास्त तर फुटण्याची भीती, कमी तर हरवण्याची. माझा हिशेब सोपा आहे: एक प्रत संगणकात, एक लॉकरमध्ये, आणि पासवर्ड बंद पाकिटात घालून वेगळ्या जागी, विश्वासू भागीदाराकडे. उद्या मलाच पक्षाघात झाला, तर माझ्या रुग्णांनी काय करायचे?

"एवढी कटकट कशाला?"

काही मित्र म्हणतात, जुनी किल्ली गेली तर नवी बनवू. जरूर बनवा, पण तिने जुना एकही मेल उघडणार नाही. काही म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप आहे की! तिथेही संदेश वाटेत कूटबद्ध असतो, हे खरे. पण पोहोचल्यावर अहवालाचा फोटो लग्नाच्या फोटोंशेजारी गॅलरीत जाऊन बसतो आणि तो फोन घरातली मुले हाताळतात. आणि लॅपटॉपच चोरीला गेला तर? किल्ली रद्द करा, सहकाऱ्यांना कळवा. पण रद्द केल्याने जुने मेल चोरापासून वाचत नाहीत, तिथे फक्त तुमचा पासवर्ड आडवा येतो.

वॉर्डात पाळी बदलताना सिस्टर धोकादायक औषधांच्या कपाटाची किल्ली कशी सोपवतात, आठवा. औषधे मोजतात, रजिस्टरवर सही करतात, मगच घरी जातात. "किल्ली तिथेच कुठेतरी असेल" असे कोणी म्हणत नाही. संगणक बदलणे ही तशीच पाळीबदल आहे.

जुना लॅपटॉप द्यायला काढला असेल, तर आज एवढेच करा: नव्या लॅपटॉपवर सर्वांत जुना कुलूपबंद मेल उघडून पाहा. उघडला नाही, तर जुना अजून कोणालाही देऊ नका.