‘कुठला गॅस होता?’ याचं उत्तर डॉक्टरला मिळालंच पाहिजे

एमआयडीसीत गळती होते आणि डोळे चोळत, खोकत दहा माणसं कॅज्युअल्टीत येतात. आमचा पहिला प्रश्न असतो, ‘कुठला गॅस होता?’ उत्तर बहुतेक वेळा येतं, ‘उग्र वास येत होता, डॉक्टर.’

वासावर उपचार ठरत नाहीत. सायनाइडवर उतारा आहे, क्लोरीनवर नाही. तिथे ऑक्सिजन आणि देखरेख यांचाच आधार. फॉस्जीन छातीत गेलेला माणूस आधी ठणठणीत दिसतो आणि काही तासांनी त्याच्या फुप्फुसांत पाणी भरतं. ‘बरं वाटतंय ना? मग जा घरी’ हे त्याच्या जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही त्यात फसवा, चांगला आकडा दाखवतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला, असं समजून माणूस खाली उतरतो.

डिसेंबर 1984 मध्ये भोपाळच्या डॉक्टरांपुढे माणसांचे लोंढे आले, तेव्हा नेमकं विष कोणतं आणि त्यावर काय द्यायचं हे त्यांना धड सांगायला कोणी नव्हतं. आता ती सबब चालणार नाही. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारा मीटर खिशात मावतो. हातात धरायचं रामन यंत्र काचेच्या बाटलीतलं रसायन झाकण न उघडता, लेझरच्या मदतीने ओळखू शकतं.

‘महाग आहे हो,’ असं म्हणतील. रामन यंत्र महाग आहे, मान्य. ते प्रत्येक बंबावर नको. रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात एक तरी हवं. पण चार वायूंच्या मीटरशिवाय एकही बंब निघू नये आणि एकही माणूस गटारात उतरू नये. यंत्रं चुकतातही. रामन मिश्रणात गोंधळतं आणि हवेतल्या गॅससाठी फारसं कामाचं नाही. म्हणूनच सराव आणि वेळेवर कॅलिब्रेशन हवं. कपाटात कुलूपबंद मीटर असून नसल्यासारखा. आणि मीटरवरचा आकडा रुग्णवाहिकेसोबत आमच्यापर्यंत पोहोचला नाही, तर रुग्णाला त्याचा उपयोग काय?

1996 च्या रासायनिक अपघात नियमांनुसार जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट असतात. तुमच्या नगरसेवकाला विचारा: आपल्या अग्निशमन केंद्रात मीटर किती? शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं? रुग्णालयाला फोन कोण करणार?

आणि रसायनाचा टँकर उलटलेला दिसला, तर बघायला जवळ जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतोय ती बाजू धरून लांब व्हा. लांबूनच पाटीवरचा चार आकडी क्रमांक दिसला, तर तो 112 वर सांगा. 1017 म्हणजे क्लोरीन, 1005 म्हणजे अमोनिया. एवढ्या चार आकड्यांनी आमचा अंधार बराच कमी होतो.