वेचणीला निघण्याआधी वाघाचा स्वभाव जाणून घ्या
यवतमाळ जिल्ह्यातील नागरिकांना जाहीर आवाहन

केळापूर, झरी जामणी, राळेगाव, घाटंजी, मारेगाव आणि वणी तालुक्यांतील शेतकरी, शेतमजूर, गुराखी, कोलाम पोडांवरील बंधू-भगिनी, सरपंच, पोलीस पाटील आणि शिक्षक यांना हे आवाहन.

कापूस फुटू लागला आहे, तूर डोक्याच्या वर चालली आहे. आता महिनोन्‌महिने आपल्या बाया-माणसांचा दिवस वेचणीत जाईल आणि कास्तकाराची रात्र जागलीत. याच वावरांच्या धुऱ्यांवरून, नाल्यानाल्याने वाघही फिरतो. म्हणून हंगाम भरात येण्याआधी ही कळकळीची विनंती : वाघाचा स्वभाव गावातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. तो माहीत असेल तर माणूसही वाचतो आणि वाघही.

हे न जमल्याची किंमत आपण मोजली आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूंसाठी अवनी वाघिणीला जबाबदार धरले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तेव्हा तिचे दोन बछडे वर्षाचेही नव्हते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबन परिसरात गुहेच्या तोंडाशी जाळ करून एका गर्भार वाघिणीला मारले गेले आणि तिचे पंजे कापून नेले. ज्या घरांतली कर्ती माणसे गेली, त्या घरांचे दुःख कोणत्याही वाघाच्या मृत्यूपेक्षा लहान नाही. तसे दुःख पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणूनच हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट नजरेची, भक्ष्याच्या आणि वाघाच्या. हरीण, सांबर, रोही यांना नारिंगी आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. आपल्याला भगवा दिसणारा वाघ त्यांना गवतासारखाच दिसतो. त्यातच अंगावरचे पट्टे त्याचा आकार मोडून टाकतात. उभ्या तुरीत तर दहा पावलांवर बसलेला वाघ माणसालाही दिसत नाही. वाघाचे भक्ष्य चार पायांचे, आणि वाकून कापूस वेचणारी किंवा गवत कापणारी बाई त्याला मागून तशीच भासू शकते. तो धरतोही बहुधा मागूनच. म्हणून वेचणीला एकटीदुकटीने जाऊ नका. चार-पाच जणींनी जवळजवळच्या ओळी धराव्यात, मोठ्याने बोलत राहावे, आणि एकीने आळीपाळीने उभे राहून नजर ठेवावी. माणसाचा आवाज आला की वाघ सहसा वाट बदलतो.

दुसरी गोष्ट त्याच्या भुकेची. वाघाच्या दहा-वीस झडपांपैकी एखादीच यशस्वी होते. एवढ्या कष्टाने मिळालेले भक्ष्य तो सहजी सोडत नाही. ते झुडपात ओढून नेतो आणि संपेपर्यंत तीन-चार दिवस त्याच्याकडे परत परत येतो. तुमचे ढोर मारले गेले तर मढे ओढून आणायला जाऊ नका, पाहायला गर्दी करू नका, आणि रागाच्या भरात त्यावर विष तर मुळीच टाकू नका. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या, नुकसानभरपाई मागा. तो तुमचा हक्क आहे. माणसाचा जीव गेल्यास शासन वारसांना २५ लाख रुपये देते. गेलेला माणूस त्याने परत येत नाही, पण त्या घराला ही मदत वेळेत मिळवून देणे हे गावाचे काम आहे.

तिसरी गोष्ट त्याच्या वासाची. वाघ आपली हद्द झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून आखतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवून दिले, की बासमती तांदळाला ज्या द्रव्यामुळे सुगंध येतो तेच द्रव्य या फवाऱ्यात असते. पाणंदीवर किंवा नाल्याच्या काठी शिजत्या बासमतीसारखा वास आला, सोबत ओरखडलेली माती किंवा पंजा दिसला, तर ती त्याची नेहमीची वाट समजा. ढोरे दुसरीकडे वळवा आणि वनरक्षकाला सांगा.

चौथी गोष्ट त्याच्या भटकंतीची. वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षे सांभाळते. मग मुली बहुधा आईच्या शेजारी हद्द शोधतात आणि नर लांब निघून जातात. टिपेश्वर अभयारण्य अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. तिथून निघालेला रेडिओ कॉलरचा ‘वॉकर’ वाघ जून २०१९ ते मार्च २०२० या काळात तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीच्या शेतांतून जवळपास ३००० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. दिवसा लपायचे, रात्री चालायचे, हाच त्याचा नेम. एवढ्या वाटेत माणसाशी त्याची झटापट एकदाच झाली, हिंगोली जिल्ह्यात, आणि तीही माणसे त्याच्या विश्रांतीच्या जागेत शिरल्यामुळे. म्हणजे शिवारात दिसलेला प्रत्येक वाघ नरभक्षक नसतो. बहुतेक वेळा तो वाटसरू असतो. त्याला वाट द्या. मोबाइल घेऊन मागे धावणे, चहूबाजूंनी घेरणे, हाकारे घालणे यानेच अनर्थ होतो.

आता हात जोडून, नेमक्या शब्दांत मागणे :

१. रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडू नका, फास लावू नका. त्यात वाघ मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला मुलगाही मरतो. वाघ मारल्यास किमान तीन वर्षे तुरुंगवास आहे. त्याऐवजी सौर कुंपणाचे झटका मशीन वापरा. त्यासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळते.

२. वाघ समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, पाठ दाखवू नका. त्याच्यावर नजर ठेवून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे सरका.

३. नाल्याच्या झुडपात बछडे दिसले तर हात लावू नका. आई त्यांना लपवून शिकारीला गेलेली असते आणि जवळपासच असते.

४. गुरे सूर्य मावळण्याआधी घरी आणा, रात्री बंद गोठ्यात बांधा. मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला उजाडल्याशिवाय जंगलात शिरू नका.

५. वाघाची खबर १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर द्या. खात्री नसलेला व्हिडिओ पुढे पाठवू नका.

प्रशासनालाही तितकेच आवर्जून सांगणे आहे. ओलितासाठी कास्तकाराला रात्री वावरात जावे लागू नये, म्हणून जंगलालगतच्या फीडरवर दिवसा थ्री फेज वीज द्या. वाघाच्या वावराची माहिती गावाला त्याच दिवशी कळवा. भरपाईची प्रकरणे महिनोन्‌महिने अडवू नका. सगळी सावधगिरी गावकऱ्यांनीच घ्यावी आणि कार्यालयांनी फक्त फलक लावावेत, हे न्यायाचे नाही.

२०१८ साली महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ते ४४४ झाले. ही वाढ शिवाराच्या कडेला राहणाऱ्या माणसांनी सोसलेल्या ताणावर उभी आहे. राज्याने त्याची जाण ठेवलीच पाहिजे.

येत्या ग्रामसभेत हे आवाहन मोठ्याने वाचा. थेट विजेचे कुंपण आणि फास गावात चालणार नाहीत, असा ठराव करा. प्रत्येक वस्तीवर, प्रत्येक पोडावर दोन तरुण नेमा. वाघाची खबर आली की त्यांनी घरोघरी सांगायचे, गर्दी थांबवायची आणि वनरक्षकाला बोलवायचे. त्यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. पहिली वेचणी सुरू होण्याआधी एवढे काम झालेच पाहिजे.

आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक