गाडीची टाकी आणि पोराची छाती

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. ताप, कोरडा खोकला, श्वास भराभर चाललेला. "डॉक्टरसाहेब, पावसात भिजला, दुसरं काही नाही," वडील म्हणाले. मी छाती तपासायला वाकलो, तर पोराच्या तोंडाला पेट्रोलचा वास. विचारले, "काय रे, गॅरेजला असतोस का?" मान खाली घालून म्हणाला, "हो. सकाळी टाकी खाली करताना जरा तोंडात गेलं."

जरा तोंडात गेलं! हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. नळी टाकीत घालायची, दुसरे टोक तोंडात धरून ओढायचे आणि पेट्रोल आले की नळी डब्यात सोडायची. गॅरेजमधला पोऱ्या हे पहिल्याच आठवड्यात शिकतो आणि मिस्त्रीही कौतुकाने बघतो. पण पेट्रोल हा अतिशय पातळ पदार्थ. पोटात गेले तर जितके बिघडवते त्याहून कितीतरी जास्त ते श्वासनलिकेत गेल्यावर बिघडवते. ठसक्याबरोबर चमचाभर जरी फुप्फुसात उतरले, तरी झपाट्याने पसरते आणि आतले नाजूक अस्तर सुजते. जंतूंशिवाय झालेला हा न्यूमोनिया आहे. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून अशा माणसाला निदान सहा तास तरी नजरेखाली ठेवावे लागते.

घरोघरी यावर जो उपाय करतात तो तर रोगापेक्षा वाईट. मीठ-पाणी पाजून उलटी करवतात. उलटी होताना तेच पेट्रोल पुन्हा घशातून वर येते आणि राहिलेले फुप्फुसात जाते. उलटी करवू नये, दूध पाजू नये. पेट्रोल सांडलेले कपडे काढावेत, कातडी साबणाने धुवावी आणि खोकला, धाप किंवा झापड असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

आता माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येतो. ती टाकी खाली करायची गरजच काय होती? मुलाच्या मिस्त्रींना बोलावून विचारले. एका गिऱ्हाइकाने जुनी मोटारसायकल नुकतीच विकत घेतलेली. चार-पाच किलोमीटर चालते, मग झटके खाऊन बंद पडते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा चालू. मिस्त्रींनी अंदाज बांधला, टाकीत कचरा आहे. झाली टाकी खाली करायला सुरुवात.

माझ्याकडेही एक जुनी शंभर सीसीची गाडी आहे आणि तिने मला बरेच शिकवले आहे. चालते, थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालते, हे लक्षण ऐकले की आधी टाकीच्या झाकणाकडे बघावे. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक वाट असते. ती धुळीने किंवा गंजाने बुजली, तर पेट्रोल खाली उतरते तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचे थांबते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. 'सुस्स' आवाज येऊन गाडी चालू झाली, तर दोष तिथेच. मी मिस्त्रींना एवढेच म्हटले, "अहो, आम्ही पोट फाडायच्या आधी पेशंटला दोन प्रश्न विचारतो." ते हसले, पण रागावलेही असावेत.

झाकण ठीक असेल तर दुसरी तपासणी. कार्बोरेटरच्या बहुतेक जुन्या गाड्यांना टाकीखाली कॉक असतो. तो बंद करून नळी कार्बोरेटरकडून सोडवावी, बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार जोरात आली तर टाकी निर्दोष, दोष पुढे कार्बोरेटरमध्ये. धार अगदी बारीक किंवा थेंब थेंब आली तर कॉकची जाळी गंजाने भरली आहे. आणि बघा, हे करता करताच टाकी रिकामी होते! पेट्रोल आपल्या वजनाने खाली येते, त्याला कुणाच्या फुप्फुसाचा जोर लागत नाही. मग पोरे तोंड का लावतात? केवळ सवय, आणि पटकन होते म्हणून. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांना असा कॉक नसतो हे खरे; त्यांच्यासाठी रबरी फुग्याचा हातपंप मिळतो. त्याची किंमत आणि छातीच्या एका एक्स-रेची किंमत यांची तुलना ज्याने त्याने करावी.

गंजाविषयी थोडे. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभी असलेली गाडी घेतली की गंज आलाच. रिकाम्या भागात दमट हवेचे पाणी होते आणि ते तळाशी बसते. आता पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची काळजी वाढली आहे. त्यातून जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात. जुनी गाडी घेतल्यावर पेट्रोलची नळी पहिल्याच दिवशी बदलावी असे माझे स्पष्ट मत आहे. ती गळून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते, यापेक्षा अधिक काय सांगायचे?

गंज काढायला काही जण संडास साफ करायचे अॅसिड टाकीत ओततात. ते पत्र्यावर पडले की हायड्रोजन सुटतो आणि तो पेट घेतो. शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतते. तसे झाल्यास वाहत्या पाण्याने वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मगच डॉक्टर शोधायला निघावे. अॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर तर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. साधा व्हिनेगर एक-दोन दिवस भरून ठेवला तरी हलका गंज सुटतो. वेळ लागतो, लागू द्यावा.

टाकीला भोक पडले असेल तर साबण किंवा सीलचा लगदा लावून लोक आठवडे काढतात. पुढे कंटाळून वेल्डिंगच्या दुकानात जातात आणि सांगतात, "टाकी रिकामी आहे, घाबरू नका." खरे म्हणजे घाबरायचे तिथेच! भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोकादायक, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याइतकी सुटते, तर आपल्याकडच्या उन्हाळ्याचे काय बोलावे. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि पलीकडच्या चुलीपर्यंत पोहोचते. गळकी टाकी बदलावी. भाजलेल्यांच्या वॉर्डात मी नोकरीची काही वर्षे काढली आहेत, म्हणून या बाबतीत मी काटकसरीचा सल्ला देणार नाही.

सायलेन्सरकडे वळू. जुनी गाडी घेताना ती थंड असताना चालू करायला सांगावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजावे की काही लपवायचे आहे. थंडीत पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर बहुधा वाफेचा असतो, त्याची भीती नको. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. फोर-स्ट्रोकला निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि तो खर्च मोठा. इंजिनाला जिथे बेंड पाइप जोडतो तिथे काजळीचे डाग असतील, 'फट्‌ फट्‌' असा आवाज येत असेल, तर गॅस्केट गेले आहे. ते स्वस्त असते, लगेच बदलावे.

या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर वाऱ्यावर जातो. धोका आहे तो बंद जागेत. सकाळी बोळकांडीत किंवा शटर अर्धे ओढलेल्या दुकानात गाडी चालू ठेवून 'गरम' करण्याची सवय सोडून द्यावी. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही लक्षणे लोक पित्तावर घालवतात. बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटते आणि आत आल्यावर पुन्हा दुखते, अशी तक्रार असेल तर गाडीचा संशय घ्यावा. २०२० सालच्या करोनानंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. या विषबाधेत तो फसवतो. ९८ दाखवत असला तरी रोगी गुदमरत असू शकतो. त्यावर विसंबून घरी थांबू नये.

शिवाय सायलेन्सरवरची संरक्षक पट्टी. जुन्या गाडीची ती हमखास गायब असते आणि घेणाराही मागत नाही. आपल्याकडे बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो, म्हणून लहान मुले त्या बाजूने उतरली की पोटरी भाजते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तर भाजल्याचे कळतही नाही. घरी मोजा काढताना कळते. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये, फोड फोडू नये.

त्या मुलाला पाच दिवस ऑक्सिजन आणि विश्रांती लागली, आता तो बरा आहे. मिस्त्रींनी हातपंप घेतला का, हे मी परवा तिथून जाताना विचारले. म्हणाले, "सांगून ठेवलाय, साहेब." गिऱ्हाइकाची गाडी मात्र त्याच दिवशी चालू झाली होती. झाकणाची बुजलेली वाट एका टाचणीने मोकळी केली होती.